गोव्यासाठी ३६ हजारांचा वेटसूट?

साताऱ्याचे एक वाचक विचारतात: ‘वय ३९, खासगी नोकरी, हातात ५८ हजार पगार. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालोय, आता गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग ट्रायथलॉन) उतरायचं ठरवलंय. पोहताना माझे पाय खाली जातात, म्हणून मित्र म्हणतो वेटसूट, म्हणजे पोहायचा अंगाला चिकटणारा रबरी पोशाख, घे. ३६ हजारांचा एक आवडलाय. बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, की मुलीच्या अकरावीच्या फीसाठी चालवलेली आरडी मोडू? परदेशी साइटवर तोच थोडा स्वस्त दिसतो. पुढेमागे युरोपातली एखादी स्पर्धा करायची इच्छा आहे.’

यातलं काहीच आत्ता करू नका. आरडीचा विषय तर मनातूनच काढून टाका, फीची तारीख काही तुमच्या स्पर्धेसाठी थांबणार नाही. पण माझ्या नकाराचं मुख्य कारण पैशात नाही, पाण्यात आहे.

आयर्नमॅनच्या नियमानुसार पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर हौशी स्पर्धकाला वेटसूट बिनधास्त चालतो. त्यावर २८.८ अंशांपर्यंत घालता येतो, पण मग वयोगटातल्या बक्षिसावर पाणी सोडायचं. त्याहून गरम पाणी असेल तर सूट बंदच. पावसाळा सरल्यावर गोव्याच्या किनाऱ्याचं पाणी २८-२९ अंशांच्या घरात असतं. म्हणजे ३६ हजारांची वस्तू तुम्ही साताऱ्याहून नेणार आणि ती बहुधा बॅगेतच राहणार. समजा घालू दिलीच, तरी अशा कोमट पाण्यात निओप्रीन, म्हणजे वेटसूटचं फोमसारखं रबर, घालून १.९ किलोमीटर पोहणं म्हणजे अंगात उकाडा भरून घेणं. आणि त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आहे.

तुमचे मित्र चुकीचं सांगत नाहीत. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे कंबर आणि पाय वर येतात, आणि ज्यांचे पाय बुडतात त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा होतो. पण तोच सूट घालून सराव केलात आणि गोव्यात विनासूट उतरलात, तर पाय पुन्हा खाली. त्यापेक्षा पुल बॉय घ्या. मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तुकडा, काहीशे रुपयांत मिळतो. पाय वर आल्यावर कसं वाटतं ते त्याने कळेल. मग तो काढून पाय वर कसे ठेवायचे, हे शिकवायला प्रशिक्षक लागेल, आणि तिथे मात्र हात आखडता घेऊ नका. आपल्याकडे सायकलवर लाख घालणारा माणूस पोहायच्या शिकवणीच्या फीला घासाघीस करतो, हे मला कधी कळलेलं नाही. कण्हेर धरणात सरावाला जाणार असाल तर आधी परवानगीची चौकशी करा, भडक रंगाचा टो फ्लोट, म्हणजे मागे तरंगत येणारा फुगा, कमरेला बांधा आणि एकटे उतरू नका.

आता ‘नो-कॉस्ट’कडे येऊ. महिना ३,००० चे बारा हप्ते, बेरीज ३६ हजारच. पण बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सवलत देऊन ते झाकतो. दर १५ टक्के धरला तर व्याज साधारण २,७६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास ५०० रुपये तुमच्या खिशातून, वर प्रोसेसिंग फी. रक्कम मोठी नाही. पण दुकानदाराला ‘रोख दिले तर किती?’ एवढं विचारून बघा, खरी किंमत लगेच कळेल. परदेशी साइटचं म्हणाल तर कार्डाचा परकीय चलन आकार आणि कस्टम ड्युटी धरल्यावर तो ‘थोडा स्वस्त’पणा उरेल असं वाटत नाही. माप चुकलं तर सूट परत पाठवण्याचा खर्च तुमचाच.

आणि माप चुकायची शक्यता तुमच्या बाबतीत जास्त आहे. वेटसूटचं माप उंची आणि वजनावर ठरतं. कोरड्या अंगावर तो जवळजवळ गुदमरवणारा वाटला पाहिजे, काखेत आणि कमरेपाशी पोकळी राहिली की तिथून पाणी शिरतं. ७०.३ ची तयारी मनापासून केलीत तर वजन उतरणारच, मग आज बेतलेला सूट सैल होईल. माझ्या एका अशिलाने असाच घाईत घेतला. पहिल्याच दिवशी चढवताना नखाने सूटच्या मांडीवर चंद्रकोरीसारखी चीर पडली. पुढे महिनोन्‌महिने गच्चीतल्या दोरीवर उन्हात वाळवून गुडघ्यापाशी तडे गेले. विकायला काढला तेव्हा कोणी विचारलं नाही.

युरोपचं खरंच मनात असेल तर आजपासून महिना २,००० ची वेगळी आरडी सुरू करा. १८ महिन्यांत ३६ हजार मुद्दल आणि वर व्याज. स्पर्धेची जागा पक्की झाली आणि तिथलं पाणी गार आहे हे कळलं, की आधी तिथे सूट भाड्याने मिळतो का ते विचारा, एका शर्यतीसाठी तेवढं पुरतं. विकतच घ्यायचा तर ट्रायथलॉनचा, पूर्ण बाह्यांचा, सुरुवातीच्या श्रेणीतला घ्या. जाडी कुठेही ५ मिलिमीटरच्या वर नको, तीच नियमातली मर्यादा आहे. स्वस्त मिळतो म्हणून सर्फिंगचा घेऊ नका, त्यात खांदे फिरत नाहीत. आणि दुकानात जाताना नखं कापून जा.