हिरवीगार वांगी अचानक माना का टाकतात?

प्रश्न : घरामागच्या परसात यंदा प्रथमच भाजी केली. दिवाळीनंतर वांगी, मिरची, टोमॅटोची चाळीसेक रोपं लावली. आता फुलावर आलेली वांगी माना टाकतात. ऊन लागलं असेल म्हणून घरातलं जो तो पाणी घालतो, तरी रोज एखादं झाड जातंच. पानांवर कीड नाही, डाग नाही. काय चुकतंय?
– एक कुटुंब, डिचोली

उत्तर : पाणी कमी पडलेलं झाड पाणी दिल्यावर सावरतं. तुमचं सावरत नाही आणि पानं पिवळी न पडता हिरवीच लोंबतात, म्हणजे ही बहुधा जिवाणूजन्य मर, जिवाणूमुळे झाड कोमेजून जाण्याचा रोग. खात्री घरीच करता येते. नुकतंच कोमेजलेलं झाड उपटा, मुळाच्या वरचा बोटभर खोडाचा तुकडा कापा आणि त्याचं टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून धरा. पेला हलू देऊ नका. पाचेक मिनिटांत कापातून दुधासारखा पांढरट धागा खाली उतरला, की मरच.

हा राल्स्टोनिया जिवाणू मातीत राहतो, मुळांच्या जखमांतून शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवतो. म्हणून आळं भरलेलं असूनही झाड तहानलेलं. वर ते जादा पाणीच रोग शेजारच्या आळ्यात नेतं. आपल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत, उबदार ओलाव्यात तो चांगला फोफावतो. रोगट झाड फवारणीने वाचत नाही. औषधांवर पैसे घालवू नका.

गेलेली झाडं मुळांसकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. उरलेल्या झाडांच्या बुंध्याशी खणणं टाळा. त्या वाफ्यात निदान दोन-तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा नको. तांबडी भाजी, मुळा, भेंडी, अळसांदे (चवळी) घ्या. शेतीचा चुना चौरस मीटरला 200 ग्रॅम मिसळा, पण शेणखत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. दोन्ही एकदम घातलं तर खतातलं नत्र उडून जातं.

वांग्यांशिवाय चालणारच नसेल तर रानवांग्यावर कलम केलेली रोपं शोधा, आणि कलमाचा सांधा मातीवर राहील असं लावा. सांधा पुरला, तर कलमाचा फायदा गेला. टोमॅटोत ‘अर्का रक्षक’ हा वाण या मरीला बराच दाद देत नाही.

प्रश्न : दोडक्याची बोटभर फळं पिवळी पडून गळतात. सकाळी हाताने परागण केलं, उपयोग झाला नाही.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्याच वेळी ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि देठाशी इवलं दोडकं असलेल्या मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. सकाळची वेळ काकडीची. गळालेलं एखादं फळ चिरूनही पाहा. आत अळ्या असतील तर ती फळमाशी. मग फूल सुकताच फळाला कागदी पिशवी बांधा, आणि गळालेली फळं वेलाखाली पडू न देता हातभर खोल पुरा.