माळ्यावरची सॅक आणि वानरलिंगी

प्रश्न : मी कळव्यात राहतो, वय ४७. २००२ ते २००९ जवळजवळ दर विकेंडला डोंगरात असायचो, आणि त्यातही नुसत्या हातापायांनी चढायच्या फ्री क्लाइंबिंगपेक्षा एड क्लाइंबिंगचं वेड जास्त, पिटॉन (भेगेत ठोकायचा लोखंडी खिळा) ठोकायचा, एट्रिअर (टेपची छोटी शिडी) अडकवायची, वर चढून पुढचा ठोकायचा, असा अख्खा दिवस भिंतीवर. मग शिफ्ट ड्युटी लागली, मुलं झाली आणि बघता बघता पंधरा वर्षं गेली. आता जुन्या ग्रुपमधले दोघं म्हणतायत दिवाळीनंतर जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका करू. वजन ११ किलोने वाढलंय, उजवा खांदा वर नेला की दुखतो. गिअर सगळा आहे, सॅक तेव्हापासून माळ्यावर इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी बांधून ठेवलीय, परवा उघडली तर हार्नेस, टेप, रोप सगळं नव्यासारखं दिसतंय. वापरलं तर चालेल ना? आणि तयारीला तीन महिने पुरतील का? झोपताना सगळे मूव्ह आठवतात, पण वर गेल्यावर हात थरथरतील याची भीती वाटते.
— एक वाचक, कळवा

उत्तर : आधी त्या सॅकचं बोलू, कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं. नाही चालणार. रोप, हार्नेस, टेप, डेझी चेन (हार्नेसला लावायची, ओळीने खण शिवलेली पट्टी), स्लिंग (शिवलेला पट्टा), जे जे कापडाचं आहे ते सगळं बाद. नायलॉनची गंमत अशी की ते आतून मेलं तरी बाहेरून छान दिसतं, आणि तुमची सॅक तर पंधरा वर्षं बॅटरीच्या शेजारी होती, त्या ॲसिडची वाफ किंवा एखादा थेंब नायलॉनला लागला तर रंगसुद्धा बदलत नाही आणि ताकद पार जाते. बॅटरी नसती तरी उत्तर हेच असतं, कारण बहुतेक कंपन्या कापडी गिअरला बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात, न वापरता कपाटात ठेवला असला तरी. आणि एक विनंती, नुसता बाजूला ठेवू नका, कात्रीने तुकडे करा, नाहीतर सोसायटीतला एखादा पोरगा रॅपलिंगला म्हणून मागून नेईल.

धातूचं तसं नाही. कॅराबिनर, म्हणजे उघडझाप गेटच्या धातूच्या कड्या, कोमट पाण्यात साबणाने धुवा, गेट उघडून सोडा, पटकन आपोआप बंद झालं पाहिजे, अडकत असेल तर साफ करून तेल द्या, तरी अडकलं तर टाकून द्या. रोप जिथे घासतो तिथे बोट फिरवा, एक मिलिमीटरची खाच जाणवली तरी बाद. पिटॉनवरचा गंज घासून काढा आणि डोकं ठोकून ठोकून फुललं असेल तिथे चीर आहे का बघा. फ्रेंडचे (भेगेत पसरून अडकणारं स्प्रिंगचं साधन) पाकळे चांगले असतील तर नुसती स्लिंग बदलून चालतात. हॅमरचा दांडा लाकडी असेल तर नवीन बसवा, पंधरा उन्हाळे माळ्यावर सुकलेल्या दांड्यातून डोकं सटकलं तर खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे रोप सांभाळणाऱ्याच्या, अंगावर येईल.

आता डेझी चेन, कारण परत येणारी माणसं इथेच चुकतात आणि मीही चुकलोय. नऊ वर्षांच्या गॅपनंतर मुंब्र्याला पहिल्यांदा लीडला, म्हणजे सगळ्यात पुढे चढायला, उभा राहिलो, जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर, डेझी लांब वाटली म्हणून वरचा खण त्याच कॅराबिनरमध्ये घातला ज्यात खालचा आधीच होता. सेकंडला, म्हणजे माझ्यामागून चढणार असलेली मुलगी, वयाने माझ्या निम्मी, खालून ओरडली, सर हलू नका, आणि मग शांतपणे म्हणाली, कॅराबिनर बघा. दोन खण एकाच कॅराबिनरमध्ये घातले की वजन लूपवर नाही, दोन खणांमधल्या शिलाईवर येतं, आणि ती शिलाई दोनशे-तीनशे किलोच्या आसपास फाटते, एका छोट्या झटक्यात तेवढा भार सहज येतो. ती उसवली की डेझी कॅराबिनरमधून सरळ बाहेर, तुम्ही कशालाच लावलेले नसता. आखूड करायची तर वेगळा कॅराबिनर घ्या, नाहीतर प्रत्येक लूप स्वतंत्र शिवलेली चेन मिळते ती घ्या. आणि डेझी फक्त बसायला आहे, पडायला नाही, ती ताणत नाही, म्हणून अँकरच्या, म्हणजे ती जिथे अडकवलीय त्याच्या, वर उभं राहून सैल डेझीवर पडलात तर सगळा झटका तुमच्या कमरेला आणि त्या पिटॉनला बसतो. स्टेशनवर, म्हणजे मध्ये थांबून बिले द्यायच्या जागी, स्वतःला रोपनेच क्लोव्ह हिचच्या गाठीने बांधा. हे मी जुन्या वहीत लिहिलेलं होतं, पाठ होतं, तरी त्या दिवशी हाताने दुसरंच केलं.

म्हणून तुम्ही लिहिलंय ना की मूव्ह सगळे आठवतात, त्यावर फार विसंबू नका. डोक्याला आठवतं, हाताला नाही. एड क्लाइंबिंगमध्ये ताकद लागते त्यापेक्षा क्रम जास्त लागतो, पीस, म्हणजे भेगेत लावायचं जे काही साधन असेल ते, लावा, वरची डेझी त्यात, मग बाऊन्स टेस्ट, आधी हळू वजन, मग जोरात दोन-तीन झटके, आणि हे करताना मान खाली, हेल्मेट पिटॉनकडे, कारण निघाला तर तो तोंडावर येतो. टेस्ट होईपर्यंत मागचा पीस सोडायचा नाही. हा क्रम परत हातात बसवायचा तर मुंब्रा किंवा बेलापूर, जिथे सोयीचं असेल तिथे जा, आणि पहिले तीन-चार रविवार जमिनीपासून पाच फुटांच्या वर जाऊच नका. आडवे चला, भिंतीच्या पायथ्याशी, नट (भेगेत अडकवायचा धातूचा तुकडा), फ्रेंड, पिटॉन लावत आणि काढत. लोक हसतील, हसू द्या. पाच फुटांवरून पीस निघाला तर तुम्ही उभ्याने खाली येता आणि का निघाला ते लगेच बघता येतं, हे वर शंभर फुटांवर शिकता येत नाही.

आपला दगड बेसॉल्ट, त्यात अमेरिकेतल्या योसेमिटीच्या ग्रॅनाइटसारख्या लांबलचक सरळ भेगा सहसा मिळत नाहीत, बंद भेग, सुटा थर, आणि आत माती. ठोकण्याआधी हॅमरने टकटक करून ऐका, पोकळ आवाज आला की ते सोडून द्या. पिटॉन नीट जात असेल तर प्रत्येक घावाला सूर वर चढत जातो, सूर मध्येच बसला तर मागे दगड फुटलाय. तुमचा कान हे विसरला नसेल, हे मात्र खरंच पटकन परत येतं.

घरची तयारी म्हणाल तर दाराच्या चौकटीला ड्रिल करून पक्का बसवलेला बार असेल त्याला एट्रिअर लटकवा, रोज वीस वेळा वरच्या पायरीपर्यंत चढा आणि तिथे एक मिनिट उभे राहा, पोटऱ्या आणि पायाचा तळवा कुठे दुखतो ते तेव्हा कळेल. बूट कडक तळाचा घ्या. खांदा आधी फिजिओला दाखवा, हॅमर डोक्याच्या वर चालवायचाय, दुखऱ्या खांद्याने ते एक पिचही (दोन स्टेशनांमधली चढाई) जमणार नाही. स्नायू दोन महिन्यांत परत येतात पण सांध्याजवळच्या कंडरांना (टेंडन) त्याहून बराच वेळ लागतो, म्हणून जोर आलाय असं वाटलं की लगेच वाढवू नका.

तीन महिन्यांत वानरलिंगी होईल का, तर होईल, पण लीड नाही. या हिवाळ्यात सेकंड जा, जुमारिंग करा, म्हणजे रोपला पकडणाऱ्या जुमारने रोपवरूनच वर चढा, पिटॉन काढा, स्टेशन लावा. जुमारिंग करताना दर वीस फुटांवर खाली रोपला गाठ मारून ती हार्नेसला लावत चला, आणि रोप तिरका असेल तिथे जुमारच्या वरच्या भोकात कॅराबिनर घाला, तिरक्या ओढीत जुमार रोपवरून निसटू शकतो. वर दगडात बसवलेले जुने बोल्ट दिसतील, अगदी तुमच्या काळातलेसुद्धा. वीस पावसाळे खाल्लेल्या लोखंडाच्या बोल्टचं बाहेरचं टोक चकचकीत आणि आतली दांडी गंजून सुतासारखी, असं असू शकतं, त्यामुळे एकट्या जुन्या बोल्टवर स्टेशन नाही, दोन-तीन गोष्टींवर भार वाटून घ्या. आणि मधमाश्या. आग्यामोहोळ दिसलं तर धूर नाही, सेंट नाही, आरडाओरडा नाही, रूट बदला, सोबत्यांची नाराजी परवडते.

हात थरथरतीलच. माझे थरथरले. थरथरताना खाली बोलून टाका, बिले देणाऱ्याला सांगा की मी पाच मिनिटं बसतोय. लीड पुढच्या हिवाळ्यात.

प्रश्न : नेरूळला क्लाइंबिंग जिममध्ये वर्षभर जातेय, बोल्डरिंग (रोपशिवाय कमी उंचीवर चढणं) चांगलं जमतं. यावर बिग वॉल, म्हणजे दिवसभराची मोठी भिंत, करता येईल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बोटं आणि बॅलन्स मिळतो, त्याचा फायदा आहेच. २०१६ आणि २०१७ ला वाशीत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला तेव्हापासून आपल्याकडे जिमची मुलं-मुली फार तयार झालीत, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण बोल्डरिंग चार मिनिटांचं आणि एडमध्ये कधीकधी एका पिचला चार तास. हार्नेसमध्ये तेवढा वेळ लटकून पाय बधिर होतात, दुपारी पश्चिमेच्या कड्यावर ऊन येतं, एका माणसाला दिवसाला चार लिटर पाणी लागतं आणि ते ओढून वर न्यावं लागतं. एखाद्या क्लबबरोबर दोन हिवाळे सेकंड जा, गिअर दुसऱ्याचा वापरून बघा, मग स्वतःचा घ्या.

प्रश्न : बाबा ५२ चे आहेत, अठरा वर्षांनी परत भिंतीवर जायचं म्हणतायत. आईला झोप लागत नाही. आम्ही काय विचारावं त्यांना?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : जाऊ नका असं म्हणू नका, ते ऐकणार नाहीत आणि लपवून जातील, ते जास्त वाईट. विचारा की गिअर कोणत्या वर्षीचा आहे, बरोबर कोण आहे आणि त्यातल्या कोणाला पडलेल्या माणसाला खाली उतरवता येतं, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट झाली का. निघताना कुठला सुळका, कुठल्या गावातून चढणार आणि किती वाजेपर्यंत फोन येईल हे कागदावर लिहून घ्या, आणि त्या वेळेच्या पुढे दोन तास थांबून कोणाला फोन करायचा त्याचा नंबर त्याच कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आईला एकदा मुंब्र्याला घेऊन जा रविवारी सकाळी, बाबांना पाच फुटांवर पिटॉन ठोकताना बघू दे, डबा घेऊन जा.