हल्लीचे ब्रिटिश स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट सगळे एकसुरी का वाटतात? त्यात खरंच काही विविधता आहे का, आणि सुरुवात कुठून करावी?

'एकसुरी' हा शब्द वाचला आणि ड्युटीवरून आल्या आल्या उत्तर लिहायला बसले. तुम्ही म्हणता, तीन-चार चित्रपट पाहिले. सगळ्यांत पाऊस, बेकारी, कौन्सिलची (म्हणजे नगरपालिकेची, स्वस्त भाड्याची) घरं आणि तोंडातून शब्द न काढणारे बाप. माहितीपट म्हणजे मागून बोलणारा एक गंभीर आवाज. माझ्या मते तुम्ही दिग्दर्शक केन लोचचे चित्रपट पाहिलेत आणि तिथेच थांबलात. लोच मोठाच माणूस आहे. 'आय, डॅनियल ब्लेक'ला २०१६ साली कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पण एका माणसाच्या कामावरून अख्ख्या देशाचा सिनेमा ठरवू नका.

मी मूळची मालवणकडची, गाबिताची, म्हणजे मच्छीमाराची मुलगी. २०१४ पासून इंग्लंडमध्ये नर्स आहे. पहिली सात वर्षं कॉर्नवॉलमध्ये काढली, म्हणजे इंग्लंडचं अगदी नैर्ऋत्येचं टोक, तिन्ही बाजूंनी समुद्र. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे मी मार्क जेन्किनचा 'बेट' पाहिला. आपलं पाण्यातलं बेट नव्हे. गरीला लावायचं आमिष, ते इंग्रजी 'बेट'. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मार्टिन नावाचा मच्छीमार आहे, पण त्याच्याकडे बोट नाही. बापाची बोट भावाकडे आहे आणि भाऊ तीत पर्यटक फिरवतो. बंदरावरचं वडिलोपार्जित घर लंडनच्या एका कुटुंबाला विकलं गेलंय. ते उन्हाळ्यात येतात आणि उरलेलं घर पाहुण्यांना भाड्याने देतात. मार्टिन ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाळं लावतो, जे मिळेल ते विकतो, थोडं पिशवीत घालून शेजाऱ्याच्या दाराच्या मुठीला अडकवून निघून जातो. पैसे डब्यात टाकतो, बोटीसाठी. कथा एवढीच. ज्या घरात त्याची आई वावरली, त्या घरात नव्या मालकांनी शोभेसाठी दोरखंड आणि जहाजाची गोल खिडकी लावली आहे. ते बघताना माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्याकडेही हल्ली होमस्टेच्या भिंतीवर जुनं जाळं टांगतात आणि त्यात शिंपले खोचतात. जाळं म्हणजे वाळवायची, तुणायची, शिव्या देत सोडवायची वस्तू. भिंतीवर कसलं टांगता?

तो चित्रपट काळापांढरा आहे. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, चावी द्यायच्या बोलेक्स कॅमेऱ्याने काढलेला. एका चावीत अर्ध्या मिनिटाच्या आत शॉट संपतो, म्हणजे लांबलचक काही घेताच येत नाही. फिल्म जेन्किनने स्वतःच्या हाताने धुतली, त्यामुळे पडद्यावर ओरखडे, डाग, मधूनच प्रकाशाचे लपके दिसतात. चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतलाच नाही. बूट, दोर, लाटा, बोलणं, सगळं नंतर भरलं. म्हणून प्रत्येक आवाज थोडा सुटा ऐकू येतो, जणू कोणी आठवून सांगतंय. मार्टिनचं काम करणारा एडवर्ड रो तिथलाच, एरवी लोकांना हसवणारा कलाकार. इथे त्याचा जबडा सबंध चित्रपटभर आवळलेला आहे. २०२० साली या चित्रपटाला पदार्पणाचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मोठा चित्रपट पुरस्कार मिळाला. आता हा 'एकसुरी' कसा, ते तुम्हीच सांगा. याच्यासारखा दुसरा मला दाखवा.

त्या थिएटरात माझ्या आजूबाजूला बहुतेक स्थानिक माणसं होती. कॉर्नवॉलचे लोक पर्यटकांना 'एमेट' म्हणतात. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ मुंगी. मार्टिनच्या गाडीच्या चाकाला बंदरावरच दंडाचं कुलूप लागतं, तिथे मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने इतक्या जोरात श्वास सोडला की मी वळून पाहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात मला भाड्याची खोली सोडावी लागली होती. घरमालकाला ती उन्हाळ्यात आठवड्याच्या भावाने पर्यटकांना द्यायची होती. रात्रपाळी करून आले आणि दाराखाली चिठ्ठी. हॉस्पिटलात नर्स पाहिजेत, पण नर्सने राहायचं कुठे, हे गावात कोणी सांगेना. म्हणून त्या अंधारात मी त्यांच्यातलीच एक होते. पाच वर्षांत पहिल्यांदा तसं वाटलं.

घरी आले, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आपल्याकडे पहाटेचे चार. मी दादाला फोन लावला. बाबा होते तोवर पहाटे चारला आमच्या घरात सगळे जागे असायचे. आई कंदील घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, दादा आणि बाबा जाळं उचलत. त्या दिवशी फोन वाजून वाजून बंद झाला. परत लावला. दादा झोपेतून उठला, कारण आता तो मासे मारायला जात नाही. बाबा गेल्यावर दोन वर्षांत त्याने होडीत बाकडी बसवली, नारिंगी लाइफ जॅकेटं आणली आणि तो डॉल्फिन दाखवायला लागला. पर्यटक सातला येतात.

मी त्याला काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. बाबांची होडी, बाबांचं जाळं, तू भाटकारासारखा, म्हणजे जमीनदारासारखा बसून पैसे मोजतोस, वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू घर सोडून गेलंस ता चालता, आणि मी जाळा सोडलंय ता चालना नाय?" मी फोन ठेवला. पुढे आठ महिने आमचं धड बोलणं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. विविधता आहे का? भरपूर आहे, आणि मुद्दा फक्त विषयांचा नाही, बनवण्याच्या पद्धतीचा आहे. शार्लट वेल्सचा 'आफ्टरसन' (२०२२) बघा. तुर्कस्तानातली एक स्वस्त सुट्टी, तरुण बाप आणि अकरा वर्षांची मुलगी, हातात छोटा व्हिडिओ कॅमेरा. वरवर काही घडत नाही, आणि संपल्यावर आपण उठू शकत नाही. बेन शॅरॉकचा 'लिंबो' स्कॉटलंडच्या बेटावर अडकलेल्या एका सीरियन निर्वासिताचा. नायक आजोबांचं ऊद हे वाद्य पेटीतून घेऊन फिरतो आणि वाजवत मात्र नाही. विषय इतका जड, तरी त्यात हसू येतं. रेमी वीक्सचा 'हिज हाउस' दक्षिण सुदानहून आलेल्या जोडप्याला सरकारी घरात भुतांसमोर उभं करतो. तो सरळसरळ भयपट आहे. अलीम खानचा 'आफ्टर लव्ह' इंग्लंडचं डोव्हर आणि फ्रान्सचं कॅले यांच्यामधल्या वीस-बावीस मैलांच्या पाण्यावर उभा आहे. नवरा गेल्यावर बाईला कळतं की पलीकडच्या काठावर त्याचा दुसरा संसार आहे. जोआना स्कॅनलनला त्यासाठी बाफ्टा मिळाला. तिचं नुसतं गप्प उभं राहणंही बघण्यासारखं आहे. आणि पाऊस नकोच असेल तर 'राय लेन' बघा. दक्षिण लंडनमधली एका दिवसाची प्रेमकथा, सगळे रंग ऊन खाल्ल्यासारखे. 'स्क्रॅपर'मध्ये आई गेलेली, सायकली चोरणारी बारा वर्षांची पोर आहे, पण घरं गुलाबी-पिवळी आणि वस्तीभर खोडकरपणा. तेच कौन्सिलचं घर, ज्याला तुम्ही कंटाळलात.

'सेंट मॉड' मात्र मला अर्धाच पटला. स्कारबरोमधली नर्स, मरणाला टेकलेल्या बाईची सेवा करता करता तिच्या डोक्यात देव शिरतो. रोझ ग्लासने भीती छान रचली आहे, पण सेवेची खरी दमणूक, पाठ, पाय, न धुतलेली कपबशी, हे तिला फारसं नको होतं. मी नर्स आहे म्हणून सांगते.

माहितीपटांबद्दल तर तुमचं मत साफ चुकीचं आहे. क्लिओ बर्नार्डने 'द आर्बर'मध्ये यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डच्या खऱ्या माणसांच्या मुलाखती नुसत्या ध्वनिमुद्रित केल्या आणि नटांना त्या आवाजांवर ओठ हलवायला लावले. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. तो २०१० चा आहे, पण पुढच्या पुष्कळ गोष्टी त्याने सुरू केल्या. 'नोट्स ऑन ब्लाइंडनेस'मध्ये (२०१६) दृष्टी गेलेल्या जॉन हल या प्राध्यापकांच्या कॅसेटवरच्या रोजनिशीला तसेच ओठ हलवणारे नट दिले आहेत. पाऊस पडू लागला की अंगण, छप्पर, झाडं यांचा आकार त्यांना आवाजातून कळतो. तो भाग एकदा डोळे मिटून ऐका. 'अ बंच ऑफ अमॅचर्स' (२०२२) हा ब्रॅडफर्डमध्ये १९३२ पासून चालत आलेल्या हौशी चित्रपट मंडळाबद्दल. भाडं थकलेलं, सभासद म्हातारे, तरी दर आठवड्याला जमून सिनेमा काढणारे. यांतल्या कुठे आहे तो तुमचा गंभीर आवाज?

'फॉर सामा' (२०१९) वेगळा काढून सांगते. वाद अल-कतिबने वेढा पडलेल्या सीरियातल्या अलेप्पोत स्वतःच्या हाताने चित्रित केलेला, एडवर्ड वॉट्सबरोबर ब्रिटनमध्ये उभा केलेला. तिचा नवरा डॉक्टर, घर म्हणजे हॉस्पिटलच. जखमी गरोदर बाईचं सिझेरियन करतात, बाळ निळसर, हालचाल नाही. डॉक्टर त्याची पाठ चोळतात, उलटं धरतात, थोपटतात, परत चोळतात. मी असे प्रसंग हाताने केले आहेत. त्या खोलीतला वेळ कसा चालतो ते मला ठाऊक आहे, आणि कॅमेऱ्याने तो कापला नाही. नंतर बाळ डोळे उघडतं. मी तो भाग चार वेळा पाहिला आणि चारही वेळा माझा हात आपोआप चोळल्यासारखा हलत होता.

हे सगळं होतं कसं, तेही सांगते. इथे लॉटरीचा पैसा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमार्फत सिनेमाला मिळतो. शिवाय बीबीसी आणि चॅनल फोर या वाहिन्यांचे चित्रपट विभाग पहिलाच चित्रपट करणाऱ्यांवर पैसे लावतात. २०२४ मध्ये दीड कोटी पौंडांपर्यंतच्या चित्रपटांना ५३ टक्क्यांची करसवलत जाहीर झाली. पैसा तरीही कमीच पडतो. इथल्या मोठ्या स्टुडिओंत अमेरिकन चित्रपट बनतात आणि तंत्रज्ञ तिकडे ओढले जातात. पण यॉर्कशरच्या मुलीला यॉर्कशरचा आणि कॉर्नवॉलच्या माणसाला कॉर्नवॉलचा सिनेमा काढता येतो, हे मी बघितलंय.

आपल्याशी थेट नातं असलेला एक सांगते. संध्या सुरी या ब्रिटनमध्ये वाढलेल्या दिग्दर्शिकेचा 'संतोष' (२०२४). पूर्ण हिंदी, शहाना गोस्वामी पोलीस शिपाई, आणि ब्रिटनने तो आपल्या वतीने ऑस्करला पाठवला. भारतात सेन्सॉर बोर्डाशी काटछाटीवरून जमलं नाही आणि थिएटरात लागला नाही. याच सुरीने आधी 'आय फॉर इंडिया' केला होता. तिचे वडील डॉक्टर, १९६५ मध्ये इंग्लंडला आले. दोन कॅमेरे, दोन प्रोजेक्टर, दोन टेपरेकॉर्डर घेतले आणि एकेक भारतात धाडला. पत्रांऐवजी फिती. त्या फितींत घरच्यांचा आवाज येतो, कधी येणार, कधी येणार. परदेशात राहणाऱ्या कुणाही मराठी माणसाने तो बघावा. मी अर्ध्यात थांबवला, दुसऱ्या दिवशी पुरा केला.

आता दादाचं. मला अजूनही वाटतं की त्याने जाळं सोडायला नको होतं. निदान हंगामाचे दोन महिने तरी तो समुद्रात जाऊ शकला असता आणि उरलेले महिने डॉल्फिन. मोठ्या यांत्रिक जाळ्यांचे पर्ससीनवाले ओरबाडून नेतात, हाती चार बांगडे लागतात, डिझेलही सुटत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याच्या दोन मुलांच्या फिया त्या बाकड्यांवर निघाल्या, हेही खरं. आणि 'बेट'मधला भाऊही काही वाईट माणूस नाही. ते मला दुसऱ्यांदा पाहताना दिसलं. तुम्हीही कुणाची बाजू घेण्याआधी दोनदा बघा.

गेल्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा खळ्यात लॅपटॉप मांडून त्याला 'बेट' दाखवला. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, "आवाज बिघाडलो काय गो?" मी म्हटलं, बघ तू. मग तो बोलला नाही. मार्टिन ओहोटीला जाळ्यातला मासा सोडवतो तिथे पुढे वाकून, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "ह्येका जाळा काढूक येता." आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. बाबांनी ती मला एकदाच दिली होती.

तर 'बेट'पासून सुरुवात करा. इंग्रजी सबटायटल लावा, कॉर्नवॉलचे उच्चार मलाही पहिली दोन वर्षं कळत नव्हते. मोबाइलवर बघू नका. हेडफोन घाला, दोराचा आवाज हरवला तर अर्धा चित्रपट गेला. दुसऱ्या रात्री 'आफ्टरसन', आणि 'फॉर सामा' मात्र सुट्टीच्या आदल्या दिवशी बघा, दुसऱ्या दिवशी कामावर जाववणार नाही.