शिकाऊ डॉक्टर आणि किरणोपचार विभाग : एका भावाच्या पत्राला उत्तर

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असून मुंबईतील एका शिक्षण-रुग्णालयात तिला पंचवीस वेळा ‘लाईट’, म्हणजे बाहेरून किरणोपचार, घेण्यास आणि त्यानंतर आतून किरणोपचार करून घेण्यास सांगितले आहे. तिच्या अंगावर शाईच्या खुणा करणारे आणि कागद भरणारे बहुतेक जण शिकाऊ डॉक्टर होते, आणि प्रत्यक्ष उपचार सुरू होण्यास दोन आठवडे लागले. मी लहान असताना, १९५८ च्या सुमारास, आमच्या आत्याला मुंबईत असाच शेक दिला होता. तिच्या छातीवरची कातडी काळी पडून सोलली होती, आणि ते दृश्य मी विसरू शकलेलो नाही. असे विभाग शिकवण्याच्या रुग्णालयांतच का वाढले, शिकाऊ हातांत हा उपचार कितपत सुरक्षित असतो, आणि या काळात बहिणीने नातवंडांना जवळ घ्यावे की नाही, हे कृपया सांगावे.
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आजच घरी सांगता येण्यासारखे आहे. आपल्या बहिणीने नातवंडांना अवश्य जवळ घ्यावे. बाहेरून दिले जाणारे किरण यंत्र बंद होताच थांबतात आणि शरीरात काहीही मागे राहत नाही. आतून दिल्या जाणाऱ्या उपचारात किरणोत्सर्गी स्रोत, बहुधा इरिडियम–१९२, नळीवाटे काही मिनिटांपुरता आत जातो आणि पुन्हा यंत्रातील शिशासारख्या जड धातूच्या पेटीत परततो. त्यानंतर रुग्णापासून कोणालाही धोका नसतो. ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे, अंथरूण वेगळे करण्याचे प्रकार अजूनही घराघरांत होतात आणि त्यांनी आजारी माणूस उगाच एकटा पडतो. आपल्या घरी तसे होऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आत्यांच्या कातडीविषयी आपण लिहिले आहे, त्यातच या विभागांचा इतिहास दडलेला आहे. रोंटगेन यांना नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले, आणि त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे खोलवर जाणारे क्ष-किरण देणारी यंत्रे आणि रेडियमच्या सुया व नळ्या हीच जगभरच्या किरणोपचाराची मुख्य साधने होती. सुमारे अडीचशे किलोव्होल्टवर चालणाऱ्या त्या क्ष-किरण यंत्रांचा दोष असा, की त्यांची सर्वांत मोठी मात्रा कातडीवरच पडत असे. आतल्या गाठीपर्यंत पुरेसे किरण पोहोचवायचे, तर वरची कातडी भाजणे जवळजवळ अटळ होते. आत्यांना नेमक्या कोणत्या यंत्रावर उपचार मिळाले हे पत्रावरून ठरवता येणार नाही, पण त्या काळातील कित्येक रुग्णांच्या अंगावर असे डाग राहिले, आणि ‘शेक’ हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता.

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट–६० या किरणोत्सर्गी धातूच्या यंत्रावर रुग्णांवर उपचार सुरू झाले आणि हे चित्र पालटले. कोबाल्टचे गॅमा किरण कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर गेल्यावर कमाल मात्रा देतात, त्यामुळे वरची त्वचा बरीच वाचते. आजच्या रेखीय प्रवेगकाच्या, म्हणजे ज्याला सगळे ‘लिनॅक’ म्हणतात त्या यंत्राच्या, सहा दशलक्ष व्होल्टच्या किरणांत ही खोली दीड सेंटिमीटरच्या आसपास जाते. भारतात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चेन्नईतील अड्यारच्या कर्करोग संस्थेत कोबाल्टचे यंत्र आले. आपल्या बहिणीच्या त्वचेवर थोडा काळपटपणा येऊ शकेल, पण आपण लहानपणी पाहिले तसे काही होण्याची शक्यता फार कमी आहे.

हे विभाग शिक्षण-रुग्णालयांतच का वाढले, हे समजण्यासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उदाहरण घेतो, कारण महाराष्ट्रातील वाचकांना ते सर्वांत जवळचे आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या न्यासाने उभारलेले ऐंशी खाटांचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले. पुढे १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे सोपवले गेले, आणि माझ्या मते या रुग्णालयाच्या किरणोपचाराला खरे वळण त्या निर्णयाने दिले. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाचे महत्त्व वाढत जाणार, हे डॉ. होमी भाभांनी ओळखले होते. किरण मोजणारे भौतिकशास्त्रज्ञ तुर्भ्याला (ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात) आणि किरण देणारे डॉक्टर परळला. मुंबईच्या एकाच शहरात असलेली ही दोन माणसे त्या निर्णयाने एका छत्राखाली आली. १९६२ पासूनच तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात रुग्णालयांसाठी किरण-भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, आणि देशातील कितीतरी विभागांचे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ त्यातून बाहेर पडले. याच नात्यातून पुढे ‘भाभाट्रॉन’ हे देशी बनावटीचे कोबाल्ट यंत्र तयार झाले आणि २००५ मध्ये खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत ते पहिल्यांदा बसवले गेले. त्याच खारघरमध्ये २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे उपचारही होत आहेत.

या वाटचालीत डॉ. केतायून दिनशॉ यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि केंब्रिजला किरणोपचाराचे प्रशिक्षण घेऊन त्या परळला आल्या, त्यांनी या विभागाला आधुनिक रूप दिले आणि पुढे संपूर्ण टाटा स्मारक केंद्राच्या संचालक झाल्या. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या मनातील खऱ्या भीतीकडे वळतो. किरणोपचारात शल्यक्रियेसारखा एका हाताचा एकच निर्णायक क्षण नसतो. आधी सीटी स्कॅन होते, मग त्या चित्रांच्या प्रत्येक छेदावर गाठ कुठवर आहे आणि मूत्राशय, गुदाशय, आतडी कुठे आहेत यांच्या रेषा काढल्या जातात. पदव्युत्तर विद्यार्थी अनेकदा या रेषा प्रथम काढतो. वरिष्ठ डॉक्टर त्या तपासतात, खोडतात, पुन्हा काढायला लावतात. मग भौतिकशास्त्रज्ञ किरण कोणत्या कोनांतून आणि किती द्यायचे याची आखणी करतो, गुंतागुंतीची आखणी असेल तर ती आधी रुग्णाऐवजी मोजमापाच्या साच्यावर चालवून पाहतो, आणि त्यानंतरच तंत्रज्ञ शाईच्या खुणा जुळवून रुग्णाला टेबलावर झोपवतात. आपल्याला खटकलेल्या दोन आठवड्यांपैकी बराच काळ या कामात जातो. काही काळ रुग्णांच्या लांब रांगेमुळेही जातो, आणि ते दुःख मी नाकारत नाही. त्या शाईच्या खुणा मात्र साबणाने घासून घालवू देऊ नका.

यंत्राची तपासणी रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी होते. कोबाल्टच्या यंत्रावर तर वेगळेच भान ठेवावे लागते : कोबाल्ट–६० चा अर्धायुष्यकाल, म्हणजे ताकद निम्मी होण्यास लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचा असल्याने स्रोताची ताकद महिन्याला सुमारे एक टक्का घटते, म्हणून तेवढीच मात्रा देण्यासाठी वेळ थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो, आणि हा हिशेब चुकला तर शेकडो रुग्णांना कमी मात्रा जाईल. अशा चुका हुडकण्यासाठी तुर्भ्याच्या केंद्रातून टपालाने पाठवलेल्या मापकांवर रुग्णालये किरण देऊन ती परत पाठवतात आणि तेथे मात्रा पडताळली जाते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असलेला किरण-सुरक्षा अधिकारी प्रत्येक विभागात असावाच लागतो. जेथे विद्यार्थी असतात तेथे ‘हे असेच का?’ असा प्रश्न रोज विचारला जातो आणि वरिष्ठाला त्याचे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे अनेक डोळ्यांखालून जाणारा उपचार मला एकट्या माणसाच्या उपचारापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. तरीही मुख्य डॉक्टर कोण, आणि आखणी त्यांनी पाहिली का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

शिकवण्याच्या विभागाचे आणखी एक काम असते, ते म्हणजे आपल्या रुग्णांविषयीचे प्रश्न आपणच सोडवणे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांसोबत औषध द्यावे, असे परदेशातील अभ्यासांवरून १९९९ नंतर रूढ झाले. परंतु आपल्याकडच्या पुष्कळ स्त्रिया ज्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे तिसऱ्या-ब अवस्थेत येतात, त्यांच्याविषयीचा पुरावा अपुरा होता. परळच्या रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात अशा ८५० स्त्रियांचा अभ्यास केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ किरण घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, तर किरणांसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. शंभरातल्या या आठ स्त्रियांसाठी पहिल्या रुग्णापासून पंधरा वर्षे लागली. याच केंद्राच्या, शस्त्रक्रियेनंतर किरण घेणाऱ्या ३०० स्त्रियांवरील दुसऱ्या अभ्यासात, चित्रांच्या मार्गदर्शनाने अचूक दिलेल्या किरणांमुळे आतड्यांचा उशिरा होणारा त्रास तीन वर्षांत ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आल्याचे दिसले. आपल्या बहिणीला अभ्यासात सहभागी होण्याविषयी विचारले गेले, तर माहितीपत्रक मराठीत मागून घ्या, सावकाश वाचा. नकार दिला तरी तिचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. या आजारात बाहेरून आणि आतून असे सर्व किरणोपचार मिळून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावेत, असा प्रयत्न असतो, कारण मधली खंडित झालेली प्रत्येक फेरी उरलेल्या पेशींना वाढण्यास वेळ देते. लग्नकार्य, सण किंवा शेतीची कामे यांसाठी तिने मध्येच गावी परतू नये. जुलाब, थकवा किंवा लघवीची जळजळ सुरू झाली तर उपचार परस्पर न थांबवता त्याच दिवशी विभागात सांगावे. साताऱ्याहून रोज ये-जा शक्य नाही, म्हणून राहण्याच्या सोयीविषयी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा.