हळद, ग्रीन टी आणि काळी द्राक्षं खाऊन नैराश्य कमी होतं का? गोळ्या बंद करता येतील का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, अंगाने बारीक आहे, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत आणि रक्तात सीआरपी (अंगातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारं प्रथिन) ६ च्या वर आलंय. घरचे म्हणतात, हळदीचं दूध, ग्रीन टी आणि काळी द्राक्षं सुरू करा, अंगातला दाह उतरेल आणि गोळ्या सुटतील.

खाण्याने गोळ्या सुटत नाहीत, आणि डॉक्टरांना न विचारता त्या सोडूही देऊ नका. एकदम बंद केल्या तर चक्कर, झोपमोड, चिडचिड होते आणि दुखणं उलटतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा. सरकारचा टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. पण खाण्याचा आणि दाहाचा संबंध घरचे जोडताहेत, त्यात तथ्य आहे. मी पुण्यातल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, आणि माझ्या थोरल्या बहिणीला संधिवात आणि नैराश्य दोन्ही आहे. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

दाह आणि मन यांचा संबंध डॉक्टरांच्या ठळकपणे लक्षात आला तो काविळीच्या रुग्णांमध्ये. हिपॅटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. आधी चांगले हसतेखेळते असलेले कितीतरी रुग्ण त्या उपचारात खोल नैराश्यात जायचे. इंटरफेरॉन हा शरीराचाच दाह पेटवणारा निरोप्या आहे. तो वाढला की आयडीओ नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन (खाण्यातल्या प्रथिनांतला एक घटक) दुसऱ्या वाटेला लावतं. ज्या ट्रिप्टोफॅनपासून मन सांभाळणारं सेरोटोनिन व्हायचं, त्यापासून कायन्युरेनिन बनतं, आणि त्यापुढे क्विनोलिनिक आम्ल, जे मेंदूच्या पेशींना त्रासदायक असतं.

मग २०१३ साली अमेरिकेत एमोरी विद्यापीठाचा एक अभ्यास आला. गोळ्या लागू न पडलेल्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना संधिवातात वापरतात ते दाह उतरवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं, निम्म्यांना नुसतं सलाइन. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फरक शून्य. पण ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं, त्यांना औषधाने जास्त आराम पडला; ज्यांचं कमी होतं, त्यांचं सलाइनवाल्यांपेक्षाही वाईट झालं. म्हणजे प्रत्येकाचं नैराश्य दाहातून येत नाही. नैराश्याच्या साधारण चौथा हिस्सा रुग्णांत सीआरपी ३ च्या वर सापडतं. तुमचा भाऊ त्या गटात दिसतोय, म्हणून त्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

‘बारीक आहे, त्याला कसला दाह’ असं समजू नका. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर केलेलं काम आहे. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात शहरी लोकांच्या रक्तात दाहाचे निरोपे खेड्यातल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. पुढे २००४ मध्ये या दोघांनी स्वतःचाच फोटो छापला: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पोटाभोवतीची चरबी स्वतःच आयएल-६ हा दाहाचा निरोप्या तयार करते. हडपसर-हिंजवडी करत दिवसभर खुर्चीत बसणारा सडपातळ मुलगाही यात सापडतो.

आता हळद. पालेभाज्या, फळं, डाळी, चहा, कॉफी यांत जी पॉलिफेनॉल्स (वनस्पतींना रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं) असतात, ती प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये दाह पेटवणारी बटणं खरोखर बंद करतात. हळदीतलं कर्क्युमिन त्यातलंच. अडचण मात्रेची आहे. चहाचा सपाट चमचाभर हळद वजन केली तर साधारण ३ ग्रॅम भरते, आणि त्यात कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅमच्या आसपास. चौघांच्या आमटीत अर्धा चमचा हळद पडते. एकाच्या वाटीत आले ११ मिलिग्रॅम. भावनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ६० रुग्णांवर सहा आठवडे अभ्यास झाला, त्यात दिवसाला १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. तेवढं हळदीतून घ्यायचं तर रोज अकरा चमचे खावी लागेल. त्या अभ्यासात कर्क्युमिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळीचा गुण जवळपास सारखा आला हे खरं, पण नुसती साखरेची गोळी घेणारा गट तिथे नव्हता. त्यामुळे ‘हळद गोळीइतकीच चांगली’ असं जे फॉरवर्ड फिरतं, त्यावर विसंबून गोळी सोडणं धोक्याचं आहे.

मग कॅप्सूल घ्यावी का? मी माझ्या बहिणीला घेऊ दिली नाही. कर्क्युमिन रक्तात नीट उतरत नाही म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपेरिन घालतात. ते लिव्हरचं औषधं मोडण्याचं काम मंदावतं, त्यामुळे बाकीच्या गोळ्यांची मात्राही अंगात वाढू शकते. इटली आणि अमेरिकेत अशा कॅप्सूलनंतर लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. आमटी-भाजीतल्या हळदीची अशी भीती नाही. ती खुशाल खा, हळदीचं दूधही प्या.

काळ्या द्राक्षांचं म्हणाल तर त्यामागे न्यूयॉर्कच्या माउंट सायनायचं २०१८ चं संशोधन आहे. द्राक्षातल्या पॉलिफेनॉल्सपासून मिळणाऱ्या दोन रेणूंनी ताणाखाली ठेवलेल्या उंदरांमध्ये एकीकडे आयएल-६ कमी केलं आणि दुसरीकडे मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या सुधारल्या. मला हे काम फार आवडतं, पण ते उंदरांवरचं आहे. तरी नारायणगावची काळी द्राक्षं बाजारात येतात तेव्हा सालीसकट जरूर खा, कारण रंग, आणि त्याबरोबर पॉलिफेनॉल्स, सालीत असतात. इथे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ नावाचा रसाचा वाण काढलाय, त्याचा गरसुद्धा लालभडक असतो. रस गाळून, साखर घालून पिण्यापेक्षा चोथ्यासकट घ्या.

चोथ्याचा आग्रह यासाठी की बहुतेक पॉलिफेनॉल्स वरच्या आतड्यात शोषलीच जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू ती फोडतात, आणि आपल्या रक्तात जातात ते हे तुकडे. त्या जिवाणूंना तंतू लागतात. म्हणून एखादा पदार्थ औषधासारखा मोजून घेण्यापेक्षा रोजचं ताट बदलण्याचा पुरावा मला जास्त पटतो. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या २०१७ च्या अभ्यासात नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी निम्म्यांना भाज्या, फळं, कडधान्यं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार शिकवला, बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसती गप्पांची सोबत दिली. बारा आठवड्यांनी आहारवाल्यांपैकी ३२ टक्के लोक इतके सुधारले की मोजपट्टीवर त्यांचं नैराश्य उरलं नाही, सोबतवाल्यांपैकी ८ टक्के. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक होतं, म्हणून या आकड्यांतून थोडं वजा करा. शिवाय औषधं घेणाऱ्यांनी ती चालूच ठेवली होती.

यासाठी ऑलिव्ह तेल आणायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी किंवा माठ, कच्चा कांदा, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, हंगामात जांभळं, आमसुलाचं सार. आणि वेफर्स, बेकरीची खारी, कोल्ड्रिंक खाली आणा. नैराश्यात माणसाला स्वयंपाकाचं ओझं होतं, म्हणून ‘तू हे खा’ असं सांगण्याऐवजी त्याच्यासमोर ताट वाढून ठेवा. माझ्या बहिणीच्या बाबतीत याचाच उपयोग झाला.

ग्रीन टी एक-दोन कप चालेल, पण जेवणाबरोबर नको. चहातली टॅनिन्स भाजी-डाळीतलं लोह धरून ठेवतात, म्हणून जेवणानंतर तासभर थांबून घ्यायला सांगा. आपला दुधाचा चहासुद्धा तसाच.

पुढच्या भेटीत डॉक्टरांशी दोन-तीन गोष्टी बोला. सर्दी-ताप नसताना सीआरपी पुन्हा करून घ्या, कारण साध्या संसर्गानेही ते चढतं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा, तोही दाहाचा एक स्रोत आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ बघाच. पुण्यातल्या पुरुषांच्या एका पाहणीत शहरी मध्यमवर्गात दहापैकी आठ जणांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि त्या कमतरतेनेही मन खचतं. लोहासाठी फेरीटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) केलंत तर त्याच रक्तात सीआरपीही करा. दाह असताना फेरीटिन वाढतं, त्यामुळे लोह कमी असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.