वाचकांचे प्रश्न : मोफत बेकिंग प्रशिक्षणाला जावे का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे शिक्षण वडील वारल्यानंतर सुटले. आता ती १९ वर्षांची असून लोकांकडे घरकामे करून आईला हातभार लावते. एका संस्थेच्या सहा महिन्यांच्या मोफत निवासी बेकिंग प्रशिक्षणासाठी तिची निवड होण्याची शक्यता आहे. मात्र तिची आई विचारते, ‘फुकट कोण कशाला शिकवील?’ मी त्या दोघींना काय सांगावे?

उत्तर : आईंची शंका रास्त आहे, आणि ती त्यांनी संस्थेत जाऊन याच शब्दांत विचारावी. मैदा, लोणी, वीज, शिक्षकांचा पगार यांचा खर्च कोणीतरी करतच असते. कधी तो देणगीदार करतात, कधी शिकलेल्या कारागिरांची गरज असलेल्या बेकऱ्या आणि हॉटेले करतात, तर कधी मुलींनी भाजलेला माल विकून तो भागवला जातो. या शेवटच्या प्रकारात गैर काही नाही, कारण विक्रीसाठी काम केल्याशिवाय हाताला वेग येत नाही. पण चौथ्या महिन्यातही एखादी मुलगी ट्रे धुण्याचे आणि पाकिटे भरण्याचेच काम करत असेल, तर त्याला प्रशिक्षण न म्हणता बिनपगारी मजुरी म्हणावे लागेल. म्हणून वर्ग चालू असताना, पिठात हात असण्याच्या वेळी, आईंना घेऊन प्रत्यक्ष तेथे जा. मूळ कागदपत्रे ठेवून घेणारी, अनामत रक्कम मागणारी किंवा पुढची काही वर्षे ठरावीक ठिकाणीच काम करण्याचा करार लिहून घेणारी संस्था असेल, तर तेथून परत फिरावे.

माझ्या मते यापेक्षा अवघड प्रश्न घरातल्या हिशेबाचा आहे. फी माफ झाली तरी सहा महिने तिची कमाई थांबणार, आणि ती भरून निघाली नाही तर हुशार मुलगीसुद्धा मध्येच परत येते. मग लोक तिलाच ‘चिकाटी नाही’ म्हणून नावे ठेवतात. जेवण व राहणे यांखेरीज विद्यावेतन मिळते का, घरी कोणी आजारी पडल्यास काही दिवस रजा घेऊन पुन्हा वर्गात येता येते का, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

अभ्यासक्रम पाहताना पदार्थांच्या यादीवर भुलू नका. हिशेब शिकवतात का, ते विचारा. बेकरीत मैदा नेहमी १०० टक्के धरून बाकीचे घटक त्याच्या प्रमाणात मोजतात. पाणी ६२, मीठ २ आणि सुके यीस्ट १ टक्का धरले तर एकूण बेरीज १६५ होते. ४५० ग्रॅमचे ६० गोळे हवे असतील तर २७ किलो पीठ मळावे लागेल आणि त्यासाठी सुमारे १६ किलो ३६० ग्रॅम मैदा लागेल. हे गणित जिला जमते तिला उद्या ६० ऐवजी ८५ ब्रेड सांगितले तरी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. शाळा सुटलेल्या मुली टक्केवारीला घाबरतात, हे तुम्ही जाणताच. निवडीपर्यंतच्या दिवसांत तुम्ही तिला एवढे शिकवलेत तर मोठी मदत होईल.

कामाचे स्वरूपही तिच्यापासून लपवू नका. सकाळी ताजा ब्रेड हवा म्हणून अनेक बेकऱ्यांत काम मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुरू होते, पोती जड असतात, ओव्हनपाशी भाजण्याचा धोका असतो आणि पिठाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काही कामगारांना दमा जडतो. मुखपट्टी वापरण्याची आणि पीठ न उधळता ओतण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावणारी संस्था चांगली समजावी. नोकरीच्या ठिकाणी रात्री जाण्यायेण्याची सोय कोण करणार, हे तर लेखीच घ्यावे.

नोकरीच्या आश्वासनाची पारख करायची असेल, तर किमान वर्षभरापूर्वी शिकून बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलींशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोला. पहिल्या महिन्यात नोकरी लागणे फारसे काही सिद्ध करत नाही. ती टिकली का आणि पगार वाढला का, ते विचारा. उत्तरे समाधानकारक आली, तर तिला अवश्य पाठवा.

प्रश्न : मला केक सजवण्याची आवड आहे, पण आमच्या मोफत वर्गात पहिले तीन महिने केवळ ब्रेडच शिकवतात. माझा वेळ वाया जातो आहे का?

उत्तर : नाही. ब्रेड शिकताना पिठाचे तापमान, फुगण्याचा वेळ आणि ओव्हनचा स्वभाव कळतो, आणि सणासुदीची वाट न पाहता रोज खपणारा मालही तोच असतो. सजावटीचा सराव मात्र सोडू नका. वर्ग सुटल्यावर क्रीमची पिशवी वापरायला मिळेल का, एवढे शिक्षकांना विचारून पाहा.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला असा वर्ग सुरू करायचा आहे. देणगी मिळाली आहे. कोणता ओव्हन घ्यावा?

उत्तर : ओव्हन सर्वांत शेवटी ठरवा. आधी परिसरातील बेकऱ्यांना भेटून त्यांना कोणत्या कामासाठी माणसे हवीत आणि मुलींना त्या किती पगार देतील, हे विचारा. त्या बेकऱ्यांत ज्या प्रकारची यंत्रे असतील, त्याच प्रकारची लहान आकाराची यंत्रे घ्या आणि वाचलेली रक्कम विद्यावेतनासाठी वेगळी ठेवा.