अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायला शिकवताना भर कशावर द्यावा?

आपल्या महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे असून त्यात चित्रीकरण व संपादनाला किती वेळ द्यावा, असे आपण विचारले आहे. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो आणि सहकाऱ्यांसाठी अशा कार्यशाळा घेतो. माझ्या मते कॅमेऱ्याला एक दुपार पुरते, आणि तीही चौथ्या दिवशीची.

पहिला अभ्यासक्रम करताना मी वर्गातले तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित केले होते. वर्गात मुलांचे चेहरे पाहून मी थांबत असे, आकृती पुन्हा काढत असे. चित्रफितीत ते थांबणेच राहून गेले. ऑनलाइन अभ्यासक्रमात कुठे थांबायचे आणि तिथे विद्यार्थ्याने काय करायचे, हे आधी ठरवावे लागते, आणि प्रशिक्षणात शिकवण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे.

उदाहरणार्थ, ६ मीटर लांबीच्या सिम्पली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसत्या टेकूंवर ठेवलेल्या) बीमच्या म्हणजे तुळईच्या मध्यभागी १० किलोन्यूटन भार आहे; कमाल बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवणारे बलाघूर्ण, म्हणजे बल गुणिले अंतर) किती? येथे चित्रफीत थांबवून विद्यार्थ्याला वहीत आकृती काढायला लावावी. उत्तर १५ किलोन्यूटन-मीटर आहे. पण पर्यायांमध्ये ३० असायलाच हवे, कारण टेकूवरची ५ किलोन्यूटनची रिअ‍ॅक्शन (टेकूने दिलेले वरच्या दिशेचे बल) न घेता सरळ भारालाच ३ मीटरने गुणणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. ३० निवडणाऱ्याला नुसते 'चूक' असे न दाखवता 'टेकूपासून मोमेंट काढताना आपण कोणते बल घेतले?' असे विचारावे. असा एक प्रश्न नीट घडवायला अनुभवी प्राध्यापकालाही अर्धा तास लागतो, आणि तो वेळ सार्थकी लागतो.

आयआयटी मुंबईतील अध्यापकांनी विकसित केलेल्या विद्यार्थीकेंद्री प्रारूपात अशा थांब्यांना 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. चित्रफितीच्या जोडीला सराव, पुढचे वाचन आणि विद्यार्थ्यांचा परस्परसंवाद हे त्याचे अन्य भाग आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षण मंचावरील अभ्यासक्रमांतही चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन असे चार विभाग मागितले जातात. मात्र विभाग भरले म्हणजे रचना झाली, असा समज प्रशिक्षणार्थींत सहज पसरतो, तो पहिल्याच दिवशी दूर करावा.

म्हणून पहिले तीन दिवस प्रत्येकाने स्वतःच्या विषयातला एकच घटक घ्यावा, विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका जुन्या उत्तरपत्रिकांतून काढाव्यात आणि त्यांवर कागदावरच थांबे व प्रश्न बेतावेत. पाचव्या दिवशी द्वितीय वर्षाचे दोन-तीन विद्यार्थी बोलवा, त्यांना तो घटक सोडवू द्या आणि प्राध्यापकांनी मध्ये एक शब्दही न बोलता शेजारी बसून पाहावे. विद्यार्थी कुठे अडखळला, चित्रफीत कुठे मागे नेली, याची तेव्हा केलेली टिपणेच दुसऱ्या मसुद्यासाठी सर्वांत उपयोगी पडतात.